धातुशोधक यंत्र घेताना

विदर्भात ‘गुप्तधन’ हा शब्द उच्चारला की बोलणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. पडका वाडा, अमावास्येची रात्र, लिंबू-कुंकू आणि पायाळू माणसाला जमिनीखालचे दिसते ही समजूत, एवढे सारे त्या एका शब्दामागून चालत येते. या नादात घरे बुडाली, माणसे तुरुंगात गेली, क्वचित निष्पाप जीवही गेले. महाराष्ट्राने २०१३ मध्ये नरबळी व जादूटोणा यांविरुद्ध जो कायदा केला, त्याच्या अनुसूचीत मौल्यवान वस्तूंच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला, यातच सर्व आले. म्हणूनच कोराडीच्या एका जैन कुटुंबात चौदा वर्षांच्या नातवाने वाढदिवसाला ‘मेटल डिटेक्टर’ मागितला, तेव्हा आजीच्या कपाळावर आठी उमटली. मुलाने पाहिले होते ते इंग्लंडातील समुद्रकिनारे, कानाला यंत्र लावून वाळूवरून संथपणे फिरणारी माणसे आणि त्यांच्या तळहातावरची जुनी नाणी. आजीला दिसला तो पायाळू.

आजोबांनी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात चाचणी विभागात उमेदीची वर्षे घालविली होती. त्यांनी होकार दिला नाही, नकारही दिला नाही. यंत्र म्हणजे काय हे ते जाणत होते आणि आजीची शंका यंत्राविषयी नसून धनाविषयी आहे, हेही त्यांच्या ध्यानात आले होते. दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून पैसे मोजायचे नाहीत, असे त्यांनी ठरविले. शोधायचे काय, हा पहिला. आणि सापडले तर ते कोणाचे, हा दुसरा. दुकानात बहुधा पहिलाच विचारला जातो.

यंत्राचे तत्त्व तसे जुने आहे. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली तेव्हा अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी शरीरातील गोळी हुडकण्यासाठी असे एक उपकरण घाईने बनविले होते. पलंगाच्या धातूच्या स्प्रिंगांनी त्याचा घात केला. आजचे यंत्र त्याच मार्गाने जाते. तारेच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलमधून, उलटसुलट होणारा विद्युत्प्रवाह सोडला की भोवती तसेच पालटणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात धातू आला की धातूच्या अंगी भोवरे-प्रवाह उत्पन्न होतात. त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र दुसरे वेटोळे टिपते आणि कानात आवाज येतो. धातू जितका सुवाहक आणि वस्तू जितकी जाड, तितका हा प्रतिसाद वेगळ्या विलंबाने येतो. त्या विलंबावरून यंत्र पडद्यावर एक अंक दाखविते. खालच्या अंकांवर लोखंड, मध्ये पातळ ॲल्युमिनियम व सोने, वर तांबे व चांदी, असा त्याचा साधारण क्रम आहे.

या क्रमातच खरेदीदाराची सर्वांत मोठी फसगत दडलेली आहे. सोन्याची बारीक अंगठी आणि औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाची चांदी यांचे अंक जवळजवळ सारखे येतात. यंत्राला सोने ओळखता येत नाही, त्याला केवळ वाहकता आणि आकार कळतो. ‘फक्त सोने दाखविणारे’ यंत्र अशी जाहिरात जो करतो तो एकतर अज्ञानी असतो किंवा लबाड. दोन अँटेना पुढे धरून शंभर मीटरवरचे सोने दाखविण्याचा दावा करणारी उपकरणे तर निव्वळ नव्या वेषातला पायाळूच म्हटली पाहिजेत. गोल्फचे चेंडू शोधण्याच्या एका फुटकळ खेळण्यावरून बनविलेले बनावट स्फोटकशोधक इराकसारख्या देशांना विकणाऱ्या एका ब्रिटिश व्यापाऱ्याला २०१३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. तेथे तर तपासणी नाक्यांवरचे प्राण त्या खेळण्याच्या भरवशावर होते. नातवाच्या यादीतील असे एक ‘लांब पल्ल्याचे’ यंत्र आजोबांनी पहिल्याच दिवशी खोडले.

मग उरली खरी यंत्रे. त्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक व्हीएलएफ, म्हणजे काही हजार ते काही दशहजार हर्ट्झच्या कंपनांवर अखंड चालणारे. दुसरे पल्स इंडक्शन, जे क्षणभर जोराचा झटका देऊन थांबते व विझत जाणारा प्रतिसाद ऐकते. दुसरे यंत्र खाऱ्या, ओल्या वाळूत आणि खनिजयुक्त जमिनीत खोल जाते, पण लोखंड आणि इतर धातू यांतला भेद त्याला नीट करता येत नाही. ज्या जमिनीत दर पावलाला खिळा, पत्रा वा तारेचा तुकडा आहे तेथे ते घेऊन फिरणे म्हणजे दिवसभर खिळे उकरणे. नाणी आणि दागिने यांच्यासाठी व्हीएलएफच योग्य. अमेरिकेची गॅरेट, ऑस्ट्रेलियाची मायनलॅब, तुर्कस्तानची नोक्ता या नामांकित कंपन्या अशी यंत्रे बनवितात. मायनलॅबसारख्यांची काही यंत्रे एकाच वेळी अनेक कंपनसंख्यांवर चालतात. उच्च कंपनसंख्या बारीक सोन्याला लवकर दाद देते, नीच कंपनसंख्या चांदीच्या मोठ्या नाण्यांना.

परंतु परदेशी पुस्तिकेतला सल्ला कोराडीत तसाच्या तसा चालत नाही. आजोबांचा खरा अनुभव येथे कामी आला. पहिली अडचण डोक्यावरची. वीज केंद्रातून निघणाऱ्या उच्चदाबाच्या वाहिन्यांखाली संवेदनक्षम यंत्र काही नसतानाही चिवचिवाट करीत राहते. त्यावर उपाय दोन, संवेदनक्षमता उतरविणे किंवा कंपनसंख्या किंचित सरकविणे. म्हणून ज्यात कंपनसंख्या बदलण्याची सोय नाही असे स्वस्त यंत्र येथे घेऊ नये. दुसरी अडचण पायाखालची. बेसाल्टापासून झालेल्या काळ्या मातीत लोहखनिजाचे सूक्ष्म कण असतात आणि दगडी कोळशाच्या राखेतही ते आढळतात. रस्त्याच्या भरावात, विटांत, अंगणाच्या सपाटीकरणात राख जेथे जेथे गेली तेथे यंत्राला जमीनच धातूसारखी भासते. तिचा प्रभाव वजा करण्याच्या सोयीला ‘ग्राउंड बॅलन्स’ म्हणतात. ती कारखान्यातच कायमची बसविलेली नसावी, जागेवर हाताने साधता यावी. यंत्राच्या खोक्यावर छापलेल्या खोलीवर तर विसंबूच नये. साधारणतः वेटोळ्याच्या व्यासाइतक्या खोलीवरचे नाणे चांगल्या मातीत कळते, खनिजयुक्त मातीत त्याच्या निम्म्यावरही समाधान मानावे लागते. मोठे वेटोळे घेतले की खोली वाढते हे खरे, पण दोन शेजारच्या वस्तू वेगळ्या ओळखू येत नाहीत. कचरा असलेल्या जागी लहान वेटोळेच बरे.

खरेदीपूर्वी आजोबांनी एक चाचणी केली. नागपुरातील एका परिचिताकडचे व्हीएलएफ यंत्र दोन दिवसांसाठी आणले, अंगणाच्या कोपऱ्यात खुणेचे खुंट रोवले आणि घरातल्याच वस्तू वेगवेगळ्या खोलीवर पुरल्या. पणजोबांच्या वेळचा राणी छाप चांदीचा रुपया होता, ११.६६ ग्रॅम वजनाचा आणि शेकडा ९१.७ चांदीचा. तो सर्वांत स्वच्छ बोलला. १९४३ नंतरचा भोकाचा पैसाही बोलला, कारण तो काशाचा. आजीच्या जोडव्यांनी वरचा अंक दाखविला. अंगठी आणि गोळ्यांचे पाकीट यांनी अपेक्षेप्रमाणे एकच अंक दाखवून मुलाला गोंधळात टाकले. खरे आश्चर्य मात्र पुढेच होते. खिळ्यांचा त्रास नको म्हणून लोखंड गाळण्याची सोय चालू करताच आजच्या बाजारातला रुपया नाहीसा झाला! नुसता तुटक खरखराट. १९९२ पासून रुपयाचे नाणे फेरिटिक स्टेनलेस स्टीलचे निघते आणि ते लोहचुंबकाला चिकटते. नदीच्या घाटांवर दोरीला चुंबक बांधून चिल्लर काढणाऱ्या मुलांना हे कोणत्याही पुस्तिकेवाचून ठाऊक असते. त्यांची कमाईच तिच्यावर चालते. इंग्लंडातील माणूस लोखंड गाळून नाणी शोधतो. आपल्याकडे तसे केले तर जुनी नाणी मिळतील, नवी सुटतील.

नवी सुटली तर सुटू देत, असे आजोबांचे मत पडले. येथून पुढचा प्रश्न आजीचा होता.

आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अचौर्याणुव्रताचे जे विवेचन आहे, ते या विषयाला असे नेमके लागू पडते की वाचणारा थबकतो. दुसऱ्याचे धन ठेवलेले असो, पडलेले असो वा विसरलेले असो, ते दिल्यावाचून स्वतः घेऊ नये आणि उचलून तिसऱ्यालाही देऊ नये, असा त्याचा आशय. धातुशोधक यंत्राने जे सापडते ते या तिघांखेरीज दुसरे काय असते? अदत्तादान ही संज्ञा आपण पाठशाळेत शिकतो तेव्हा डोळ्यांसमोर चोर येतो, रस्त्यावर पडलेली अंगठी येत नाही. आजीने हेच विचारले, तेही आवाज न चढविता, ‘‘मग हे यंत्र घेऊन शिकायचे काय, पडलेले उचलायला?’’

आजोबांनी वाद घातला नाही. त्यांनी कायद्याची पुस्तके आणली. व्रताच्या अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रमही गणला जातो, राज्याचा नियम मोडून मिळविलेले धनही व्रताला डाग लावते. तेव्हा राज्याचा नियम काय आहे हे पाहणे श्रावकाला ओघानेच आले. १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम अजूनही लागू आहे. जमिनीत दडविलेली कोणतीही मूल्यवान वस्तू दहा रुपयांहून अधिक किमतीची असेल तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविले पाहिजे, वस्तूचे स्वरूप, ठिकाण आणि दिनांक यांसह. दहा रुपयांची ती मर्यादा सव्वाशेहून अधिक वर्षांत बदललेली नाही, म्हणजे आज चांदीचा एक रुपयासुद्धा तिच्यात येतो. जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढून हक्क सांगणाऱ्यांना बोलावितात. निधी बेवारस ठरला आणि जागेचा मालक पुढे आला, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचे व एक चतुर्थांश मालकाचे, अशी वाटणी आहे. शासनाला वस्तू हवी असेल तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक देऊन ते घेऊ शकते. दडवून ठेवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कारावास. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्याच्या कक्षेत येते, ते वेगळेच. संरक्षित स्थळी तर खोदण्याचा विचारही करू नये. नागपूरच्या परिसरात जुनापाणी, माहुरझरी, मनसर अशी स्थळे आहेत. तेथे एक खड्डा म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातले एक पान फाडणे.

हे शेवटचे मुलाला पटेना, तेव्हा आजोबा त्याला नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे अजब बंगल्यात घेऊन गेले. १८६३ मध्ये स्थापन झालेल्या या संग्रहालयाच्या संग्रहात अकोला जिल्ह्यातील राजनापूर खिणखिणी येथे मिळालेल्या जैन धातुप्रतिमा आहेत. त्या प्रतिमा मोडीच्या भावाने विकल्या गेल्या असत्या तर वऱ्हाडातील आपल्या धर्माच्या वैभवाचा तो पुरावा मुशीत वितळला असता. तऱ्हाळ्याच्या नाण्यांचीही तीच गोष्ट. वऱ्हाडातील त्या गावी १९३९ मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला. महामहोपाध्याय मिराशींनी तो अभ्यासिला आणि पुराणांच्या यादीत नसलेली कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी राजांची नावे उजेडात आली. ती नाणी सोन्याचांदीची नव्हती, हलक्या मिश्रधातूची होती. बाजारात त्यांना कोणी विचारले नसते. पण सगळी एकत्र राहिली म्हणून ती बोलली.

हरवलेल्या वस्तूंचा न्याय मात्र निराळा. गतवर्षी कोणाच्या बोटातून गळालेली अंगठी हा काही निखात निधी नव्हे. पूर्वीच्या दंडसंहितेत आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ मध्ये याविषयी दोन दृष्टांत आहेत. हमरस्त्यावर एक रुपया सापडला, तो कोणाचा हे ठाऊक नाही, उचलला, तर गुन्हा नाही. मौल्यवान अंगठी सापडली आणि मालकाचा शोध न घेता लगेच विकली, तर गुन्हा आहे. इंग्रजी अमदानीतल्या कायदेपंडितांनी लिहिलेला हा भेद आणि समंतभद्राचार्यांची दृष्टी यांत अंतर आहेच. आचार्य रुपयालाही सूट देत नाहीत. आजीने ते अंतर लगेच हेरले आणि घराचा नियम आचार्यांचा राहील, असे सांगून टाकले.

नवरात्राचा प्रश्न त्यातूनच सुटला. कोराडीच्या महालक्ष्मी जगदंबेच्या दर्शनाला आश्विनात अफाट गर्दी लोटते. मुलाच्या मनात यात्रा उलगल्यावर मैदान आणि तलावाचा काठ धुंडाळावा असे होते, कारण तेथे नाणी विपुल. पण भाविकाने पाण्यात सोडलेले नाणे हरवलेले नसते, अर्पिलेले असते. आपण देवद्रव्याला हात लावीत नाही, मग दुसऱ्याच्या देवाच्या द्रव्याला लावावा काय? मुलाने यावर काही क्षण विचार केला आणि यादीतून तलाव काढला.

राहिला खोदण्याचा प्रश्न. निष्प्रयोजन भूमी खणणे हे अनर्थदंडात मोडते. पृथ्वीकायिक जीवांची आणि मातीतल्या त्रसांची विराधना डोळ्याआड करून छंद जोपासणे श्रावकाला शोभत नाही. म्हणून मुख्य यंत्रावरचा खर्च थोडा कमी करून त्यांनी ‘पिनपॉइंटर’ घेतला. ही वीतभर लांबीची छोटी कांडी वस्तूची जागा बोटाच्या पेराइतकी अचूक दाखविते, आणि हातभर खड्ड्याऐवजी वाटीएवढी माती उचलून भागते. चातुर्मासात यंत्र बाहेर काढायचे नाही, हेही ठरले. पावसाळ्यात ओली माती सोपी असते खरी, पण जीवही तेव्हाच अधिक असतात.

शेवटी घेतले ते मधल्या किमतीचे व्हीएलएफ यंत्र, कंपनसंख्या बदलता येणारे, हाताने ग्राउंड बॅलन्स साधणारे, सोबत एक लहान वेटोळे. बाजारात अशी यंत्रे दहा-पंधरा हजारांपासून लाखाच्या पुढे जातात. लाखाच्या यंत्रातल्या निम्म्या सोयी येथे वापरल्याच जाणार नव्हत्या.

त्या वर्षी वैशाखात सावनेर रस्त्यावरच्या एका संत्र्याच्या बागेतून बोलावणे आले. आळी करण्याच्या कामावरील एका मजूर बाईचे डोरले तुटून पडले होते. दिवसभर शोध झाला. मग कुजबुज सुरू झाली आणि आळ आला तो तिच्याच ओळीत काम करणाऱ्या दुसऱ्या बाईवर. ती विधवा, परगावची, बाजू घेणारे कोणी नाही. तिने शपथा घेतल्या, पदर झाडून दाखविला. बागवानाने तिचा हिशेब चुकता करून तिला जायला सांगितले होते. आजोबा नातवाला घेऊन दुपारी पोहोचले. काळी जमीन तापून भेगाळली होती. विदर्भात उन्हाळ्यात अशा भेगांत हात कोपरापर्यंत जातो. वस्तू आत घसरली आणि पहिल्या पावसाने भेग मिटली की ती कायमची गेली.

मुलाने लोखंड गाळण्याची सोय चालू केली, लहान वेटोळे लावले आणि झाडाझाडाच्या आळ्याभोवती संथपणे फिरू लागला. पहिल्या तासात खताच्या पिशवीची चकाकती पट्टी, दोन बाटल्यांची बुचे आणि गोळ्यांचे एक पाकीट निघाले. दुसरे पाकीट निघाले तेव्हा तो कंटाळला. तोच मधला अंक, तोच आवाज. पुढच्या झाडापाशी तोच अंक पुन्हा आला तेव्हा तो पुढे सरकणार होता. आजोबांनी थांबविले. ‘‘अंक सारखा आहे म्हणूनच उकरायचे, बेटा. सोडून देण्यासारखा असता तर वेगळा आला असता.’’ भेगेत कांडी घालून, कडेची माती हाताने मोकळी करून सुमारे वीतभर खाली डोरल्याची एक वाटी लागली. दुसरी तिच्याच खाली होती. दोरा आणि काळे मणी वर कोठेतरी विखुरले असावेत. ते यंत्राला कळत नाहीत.

ज्या बाईचे डोरले होते ती रडली. जिच्यावर आळ होता ती रडली नाही. ती बागवानाकडे गेली आणि आपला हिशेब परत देऊन उद्यापासून कामावर येऊ का, एवढेच तिने विचारले. त्याने मान खाली घालून होकार दिला. परतीच्या वाटेवर मुलगा गप्प होता. घरी आल्यावर त्याने आजीला सारी हकीकत सांगितली, आणि आजीने त्या रात्री प्रथमच ते यंत्र हाती घेऊन त्याचा तोल कसा आहे ते पाहिले.

आता त्या घरी एक वही आहे. काय हरविले, कोणाचे, कोठे, काय सापडले, कोणाला परत केले, अशी पाच घरे तिच्यात आखली आहेत. कामाचे पैसे घेतले जात नाहीत. कोणी आग्रहच धरला तर पांजरपोळाची पावती फाडावी, असे सांगितले जाते. घराच्याच परसात सापडलेला १९४७ चा निकेलचा, वाघाचे चित्र असलेला रुपया वहीच्या पहिल्या पानावर नोंदलेला आहे, त्याच्या मालकाच्या घरात पणजोबांचे नाव लिहून. शेवटची नोंद अपुरी आहे. शेजाऱ्यांच्या गोदामाची किल्ली राखेच्या भरावात पडली आहे. ती पोलादी असल्यामुळे लोखंड गाळण्याची सोय बंद ठेवावी लागणार, आणि मग त्या भरावातला प्रत्येक खिळा बोलणार. चातुर्मास संपला की त्या कामाला आरंभ होईल.